आईनं झारी सरळ धरली

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की, आमची आई मागच्या वर्षी गेल्यापासून आमच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या यावर कुणाचंही एकमत होऊ शकलेलं नाही. परिस्थिती चिंताजनक आहे. डाळ एकतर कच्ची असते, नाहीतर तिची लापशी होते.

आई स्टेशनमास्तर होती. चेन्नईजवळच्या एन्नोरच्या वाटेवरचं एक लहानसं स्टेशन तिच्या ताब्यात होतं. कडक इस्त्रीची साडी, केसांत मोगरा, हातात हिरवं निशाण. माशांच्या पाट्या घेऊन धावत येणाऱ्या बायका तिला 'मास्टरम्मा' म्हणत आणि लांबूनच ओरडत, "मास्टरम्मा, आले, आले!" मास्टरम्मा घड्याळाकडे बघत. गाडी वेळेवर सुटे. पाट्या कशा कोण जाणे, पण आत गेलेल्या असत.

रेल्वेत तिला एक नियम भेटला आणि तो तिनं जन्मभर कवटाळला. एका स्टेशनानं दुसऱ्याला फोनवर निरोप दिला, की ऐकणाऱ्यानं तो जसाच्या तसा परत म्हणायचा. परत म्हटला नाही तर निरोप पोचलाच नाही, आणि गाडी सुटणार नाही. हा नियम ती संध्याकाळी डब्याबरोबर घरी घेऊन यायची.

"डाळ गॅसवर आहे. तीन शिट्ट्या झाल्या की बंद. म्हणा परत."

बाबा बँकेत होते, स्वभावानं गरीब. पेपरामागून आवाज यायचा, "डाळ गॅसवर. तीन शिट्ट्या. बंद."

"सरि," आई म्हणायची. तमिळमधलं हे 'बरं' आमच्या तंजावरी मराठीत कधीचंच घरचं झालेलं. पण आईच्या तोंडून ते आलं की समजायचं, लाइन क्लिअर.

सगळं गणगोत तिला विचारून हालचाल करायचं. कुणाचं दुखणं, कुणाची भांडणं, कुणाच्या मुलाला कुठलं कॉलेज, सगळे फोन आईला. एकदा मामींना डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तर त्या फोनवर हमसून हमसून रडायला लागल्या. आई म्हणाली, "उद्या सकाळी उपाशीपोटी जायचं. म्हणा परत." मामी हुंदके देत म्हणाल्या, "उद्या सकाळी, उपाशीपोटी." "सरि. आता रडा." आणि दुसऱ्या दिवशी मामी दवाखान्यात पोचल्या, तर आई त्यांच्या आधीच बाकावर बसलेली, मांडीवर इडलीचा डबा. रक्त दिल्याबरोबर खायला. तिथून ती थेट ड्यूटीवर गेली.

तर माझं लग्न. मी तेव्हा चेन्नईबाहेर ओरगडमला मोटारगाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर होते. पहाटे कंपनीची बस, डोक्यावर हेल्मेट, अंगाला ऑइलचा वास, आणि मी बेहद्द खूष. मुलगा मूळचा साताऱ्याचा, चेन्नईत सरकारी नोकरीत, आणि तो मला अगदी लाजिरवाणा वाटावा इतका आवडला होता. साखरपुड्यात त्याच्या आई गोड हसून म्हणाल्या, "कारखाना फार लांब आहे हो. नोकरीचं काय ते लग्नानंतर बघू." मुलगाही म्हणाला, "हो, बघू."

घरी आल्यावर आईनं पदर खोचला. "पिवळा सिग्नल आहे हा. हिरवा नाही, लालही नाही."

"मग काय करायचं?" मी विचारलं. मला मुलगा हवा होता आणि कारखानाही हवा होता.

"पिवळ्यावर गाडी हळू न्यायची," एवढंच म्हणून ती ड्यूटीवर गेली.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं झाली, हार झाले. कन्यादानाला सुरुवात झाली. बाबांनी ओंजळ धरली, आई झारीनं पाण्याची धार सोडत होती. भटजींनी सांगितलं तसं नवरदेवानं औषध गिळल्यासारखं तीनदा पुटपुटलं, "नातिचरामि."

आईनं झारी सरळ धरली. धार थांबली.

"जावईबापू, काय म्हणालात?"

"नातिचरामि."

"ते भटजींचे शब्द. तुमच्या शब्दांत म्हणा परत."

मांडवात खसखस पिकली. मुलाकडचे एक काका ओरडले, "अहो ताई, हे स्टेशन नाही!"

"म्हणून तर थांबता येतंय," आई म्हणाली. "स्टेशन असतं तर मागून दुसरी गाडी आली असती."

"अगं, ओत की," बाबा हळूच म्हणाले, "हात भरून आले माझे."

नवरदेवाच्या कपाळावर मुंडावळ्यांच्या खालून घाम ओघळला. "म्हणजे... धर्मात, पैशाअडक्यात, आणि... सगळ्यातच, हिला डावलून काही करणार नाही."

"सरि. आणि हिचा कारखाना?"

आता कुणी हसलं नाही. केळीची पानं मांडून झाली होती, आचारी सांबाराची बादली घेऊन दारात उभा. नागस्वरमवाल्यानं गाल फुगवले होते, ते तसेच राहिले. नवरदेवानं आपल्या आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. मनात म्हटलं, संपलं. आता या उठतील, पैठणी सावरतील आणि अख्खं वऱ्हाड घेऊन निघतील. मी ऑइलच्या वासासाठी एवढा देखणा नवरा घालवला.

त्या खरंच उठल्या. पैठणीही सावरली. माझ्या आईकडे बघितलं, तिच्या हातातल्या झारीकडे बघितलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, आणि मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या मुलावर ओरडल्या,

"अरे, म्हण की मोठ्यानं! मला पोस्टात नोकरी लागली होती, तेव्हा तुझ्या बाबांना असं धरून बसवून कुणी विचारलं नाही!"