शेजारचे सर आणि तीन टिंबं

आमच्या शेजारच्या सरांनी आजवर एकही वाक्य संदर्भावाचून ऐकलेलं नाही. ते जन्मले तेव्हा सुईण "मुलगा झाला" म्हणाली, तर त्यांनी रडणं थांबवून "कोण, कोणास म्हणालं?" असं विचारलं असणार, याबद्दल आमच्या दारव्ह्यात दुमत नाही. बोरी अरबच्या कॉलेजात त्यांनी उभा जन्म मराठी शिकवलं, आणि त्यात मुख्य गोष्ट एकच शिकवली: निबंधात नाटकातलं वाक्य घ्यायचं कसं. "पाहुणा आला तर त्याले थेट चुलीपाशी नेऊन बसवता का?" ते वर्गाला विचारत. "आधी ओसरीवर बसवता, कोणाचा कोण ते सांगता, पाणी देता. मग वाक्यालेच काहून असं ढकलून राह्यले?" म्हणजे वाक्य कोण बोललं, कोणाला बोललं, त्याआधी काय घडलं होतं हे सांगायचं, मग अवतरणचिन्हं, मग कंसात अंक आणि प्रवेश. मधले शब्द गाळले तर प्रामाणिकपणे तीन टिंबं द्यायची. आणि वाक्य देऊन पळून जायचं नाही, ते कायले दिलं ते खाली दोन ओळींत लिहायचं. या दोन ओळी जो विसरे त्याच्या वहीवर इतकी लाल शाई सांडे, की एका पोराच्या आईने वही पाहून हळद कालवायला घेतली होती.

निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. एकदा त्यांच्या न्हाणीत साप निघाला. मी धावत जाऊन सांगितलं की त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, "साप, साप" म्हणून ओरडताहेत. सरांनी शांतपणे चष्मा पुसला. नेमकं काय म्हणाल्या, कोणाला उद्देशून, आणि त्याआधी न्हाणीत काय चाललं होतं? मी सगळं रीतसर सांगेपर्यंत तो साप न्हाणीतून निघून, आठवडी बाजार करून, राजूरच्या कोळसा खाणीत नोकरीला लागला होता. सरांची स्कूटर पाहणारा रफीक मिस्त्री तर पुरता तयार झाला होता. "अंक पहिला, सर," तो पाना पुसत सांगे, "किक मारली. अंक दुसरा, धूर निघाला. तिसऱ्या अंकात तुम्ही मले बोलावलं." सर खूश होऊन विचारत, "शोकांत का सुखांत?" रफीक म्हणे, "प्लग बदलला तर सुखांत."

वहिनींचं मात्र न्यारं होतं. त्यांच्या बोलण्यासाठी सरांनी खास दोनशे पानी वही घातली होती. वाक्यं साधीच, पण प्रत्येकाला निळ्या शाईत पुरता मानपान. 'अंक दुसरा, प्रवेश चौथा. स्थळ: स्वयंपाकघर. वरणात मीठ नसल्याचं मी सुचवल्यावर, मला उद्देशून: "बरणी तुमच्या हाताजवळच हाय."' आणि खाली नेमाने दोन ओळी: 'या वाक्यातून नायिकेचा स्वभाव आणि बरणीची जागा, दोन्ही स्पष्ट होतात.' वहिनींना ही वही माहीत होती. त्या हसत मला म्हणायच्या, "भाऊ, मले न्यायले यम आला न, तर हे त्याले ओसरीवर बसवून अंक इचारतीन."

तसं झालं नाही. यम आला तेव्हा सर तिथे नव्हतेच.

यवतमाळच्या दवाखान्यात दुपारची वेळ होती. वहिनी बऱ्या वाटत होत्या, म्हणून सर खाली चहा आणायला गेले आणि मी खाटेपाशी बसलो. दहा मिनिटांचं काम. पण कँटीनच्या बाकावर कुणा पेशंटची मुलगी बारावीचा निबंध लिहीत बसली होती, आणि तिने नाटकातलं एक वाक्य कुणाचं, कुठलं काही न सांगता मधेच घुसवलं होतं. सरांना ते पाहवलं नाही. ते शिकवायला बसले. वर आले तेव्हा हातातल्या चहावर साय धरली होती, आणि वहिनी गेल्या होत्या.

सरांनी चहा खिडकीत ठेवला. म्हणाले, "शेवटी काय म्हणाली?"

आता साक्षीदार कोण, तर मी. माझी ख्याती अशी, की मी "ऊन पडलं" म्हटलं तर लोक आधी बाहेर जाऊन पाहून येतात. मी म्हणालो, त्या म्हणाल्या, यांच्या संगतीत जन्माचं सोनं झालं. सरांनी मान डोलावली. पुढे काही विचारलं नाही, आणि मी सुटलो असं मला वाटलं.

त्यानंतर ते घर मुकं झालं. पुण्याच्या लेकीचा रविवारी फोन येई तेवढाच काय तो आवाज. रफीक एकदा उमेदीने "अंक पहिला, सर" म्हणाला, तर सर म्हणाले, "प्लग बदलून टाक," आणि आत गेले. सर संध्याकाळी माझ्या ओट्यावर येत, वरणाला फोडणी कशाची देतात ते माझ्या बायकोला विचारत, आणि उठता उठता, जसं काही सहज आठवलं, असं मला म्हणत, "त्याच्याआधी काय चाललं होतं हो?" मी कधी आधीचंच, कधी नवं काहीतरी सांगे. त्या म्हणाल्या, सरांना जपा. त्या म्हणाल्या, पुढच्या जन्मी हेच मिळोत. असं तीन वर्षं चाललं.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी सर वही घेऊनच आले. शेवटच्या पानावर माझी चार वाक्यं एकाखाली एक लिहिलेली होती, चारही पेन्सिलीने. साऱ्या वहीत पेन्सिल तेवढीच.

"यातलं एकही तिचं नाही," सर म्हणाले. "सोनं हा शब्द ती फक्त सराफाच्या दुकानात बोले. अन् तुम्ही दर वेळी एकाच जागी अडखळता. इथं तीन टिंबं हायेत, भाऊ. मले गाळलेलं पायजे."

मी पुष्कळ खाकरलो. मग सांगितलं. वारा सुटला होता, वॉर्डाचं दार आपटत होतं. मी ते लावायला उठलो, तर वहिनी म्हणाल्या, "दार नका लावू भाऊ. हे येऊन राह्यले." आणि दाराकडे पाहत राहिल्या. मग काही बोलल्या नाहीत.

"किती वेळ पाहत होती?"

वाऱ्याने तेवढ्या वेळात दार शंभरदा आपटलं असेल. पण जन्मात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट कमी करून सांगितली. "थोडाच," म्हणालो.

सरांनी पेन्सिलीची चारही वाक्यं खोडरबराने पुसली, कागदावरचे कण फुंकरीने उडवले आणि पेन उघडलं. निळ्या शाईत, सावकाश: 'अंक तिसरा, प्रवेश शेवटचा. स्थळ: दवाखाना. वारा. शेजाऱ्यांस उद्देशून.' वाक्य लिहिलं. मग कंसात: 'मी रंगमंचावर नाही.' खाली दोन ओळींची जागा सोडली आणि पेनाला टोपण लावलं.

आता बायकोने वाटीत भाजी देऊन पाठवलं की मी जातो. वही टेबलावर उघडीच असते. सर रोज सकाळी पेनात शाई भरतात आणि वहीपुढे बसतात. मला कुणी विचारलं तर त्या दोन ओळींत मी अख्खा जिल्हा कोंबून दाखवीन. पण सर मला विचारत नाहीत, आणि ओळी अजून कोऱ्या आहेत. मी वाटी ठेवतो, थोडा बसतो. आणि निघताना, वारा कितीही असला, तरी त्यांचं दार लोटून घेत नाही.