तेल मुरेपर्यंत

माझ्या बायकोच्या मावशीइतका नवरे या जमातीचा सखोल अभ्यास केलेलं दुसरं माणूस चांद्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या अख्ख्या जंगलात झालं नाही. बायकांची कंबरदुखी, डोकेदुखी, केस गळणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, या सगळ्यांचं मूळ तिच्या मते एकच होतं: ‘अवं, आयकलं का?’ ही हाक. बाई जरा कुठे टेकली की नवऱ्याला तहान लागते, आणि ती जेवायला बसली की त्याची टोपी हरवते, हे तिचं अनेक वर्षांचं निरीक्षण होतं. तिच्या गाठोड्यात मुळ्या, साली, बिया, पाला असं पुष्कळ काही असे. पण औषधाआधी ती पथ्य सांगायची, आणि ते पथ्य बाईला नसून नवऱ्याला असायचं. आरमोरीकडच्या तिच्या गावात एका गृहस्थाला बायकोच्या पाठदुखीवर इलाज म्हणून तिने पंधरा दिवस विहिरीचं पाणी भरायला लावलं होतं. पाठदुखी थांबली. "लेप लागू पडला का नवरा, मले काय मालूम!" असं ती वर म्हणायची.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची ही गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं आणि मी तिथल्या जंगल खात्याच्या कचेरीत कारकून होतो. बायकोचं बाळंतपण फार जड गेलं. मुलगी ठणठणीत, पण आई पांढरीफटक; बाजेवरून उठली की भिंत धरायची. घरात वडीलधारं बाईमाणूस कोणी नाही. निरोप गेला आणि तिसऱ्या दिवशी मावशी बंडीतून उतरली. चहापाणी काही न घेता तिने गाठोड्यातून गेरूचा खडा काढला आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक लाल रेघ ओढली.

"जवाई, हे रेघ पाह्यली का?"

"पाहिली."

"याच्या अल्याड तुमची हाक येणार नाई. पानी, सरपन, सैपाक, धुनं, समदं तुमच्याकडं. सव्वा महिना पोरगी उठत नाई."

"मावशी, पण मला स्वयंपाक..."

"शिकानं लागते. तिले तरी कोण पोटातून शिकून धाडलं होतं?"

त्या दिवसापासून मी संसाराच्या तळघरात उतरलो. पहाटे विहीर, मग चूल, मग कचेरी, संध्याकाळी पुन्हा चूल. मावशी आत बसून आज्ञा सोडायची. आळीव दुधात शिजवा, ओवा भाजा, बाजेखाली गोवऱ्यांचा शेक धरा, धुरीसाठी निखारे आणा. मी केलेला डिंकाचा पहिला लाडू तिने हातात तोलून पाहिला आणि विचारलं, "जवाई, हा बाळंतिणीनं खायचा का चुलीले टेकन लावायचा?" पुढचे दोन दिवस तो लाडू खरोखरच बाजेच्या डुगडुगत्या पायाखाली होता आणि त्याने आपलं काम उत्तम केलं.

पण माझी खरी शोभा झाली ती शतावरीच्या मुळ्यांवरून. बाजारातली वाळलेली मुळी मावशीला चालत नसे. मी छाती काढून म्हटलं, "मी आणतो. जंगल खात्यातलाच माणूस आहे." दिवसभर हिरडा, बेहडा, चारोळी यांचे परवाने लिहिणाऱ्या मला शतावरी ओळखता येत नाही, ही गोष्ट मलाच तोवर ठाऊक नव्हती. दोन तास झुडपांत हिंडून मी मनगटाएवढं एक मूळ खणून आणलं. मावशीने ते हुंगलं, दारावर आपटलं आणि म्हणाली, "छान हाये. कुऱ्हाडीले दांडा होते." मग स्वतःच पदर खोचून निघाली. मी मागून टिकाव घेऊन. काटेरी, सुईसारख्या बारीक पानांच्या एका वेलापाशी ती बसली, हाताने माती सारली, आणि खाली बोटांसारख्या पांढऱ्या मुळ्यांचा घोसच्या घोस निघाला. तिने मोजून निम्म्या तोडल्या आणि उरलेल्यांवर माती लोटली.

"सगळ्याच घ्यायच्या ना?"

"अर्ध्या तिच्यापाशी राहू द्या जी. तिलेबी लेकरं हायेत."

त्या मुळ्या दुधात शिजवून ती बायकोला देई. मोहाच्या बियांच्या तेलाने अंग रगडी, माका आणि आवळा घालून उकळलेलं तेल डोक्यात जिरवी, आणि नंतर अर्धा घंटा बायकोने नुसतं डोळे मिटून बसायचं. घराला आग लागली तरी उठायचं नाही. हा अर्धा घंटा हेच मुख्य औषध, बाकी सारं अनुपान, असं ती म्हणायची. मात्र स्वतःच्या विद्येबद्दल तिला भ्रम नव्हता. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं होतं, "ताप चढला का रगत लागलं, तं मले इचारू नका, सिद्धा दवाखाना. माह्यापाशी पाला हाये, सुई नाई." तिची स्वतःची कंबर तेवढी तिला कधी बरी करता आली नाही. ती कंबर पाऊस यायच्या आदल्या दिवशी ठणकायची, आणि गल्लीतल्या बायका वाळवणं घालण्याआधी येऊन विचारायच्या, "मावशी, कंबर काय म्हणते?"

बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी माझ्या बदलीचा हुकूम आला. सिरोंचा. दहा दिवसांत हजर व्हायचं आणि क्वार्टर सोडायचं; नवा माणूस कुटुंबासह येणार होता. सिरोंचा म्हणजे नकाशात बोटभर आणि प्रत्यक्षात धक्क्याधक्क्यांचा अंतहीन रस्ता. पुढचा बराचसा बंडीने, नदीनाले ओलांडत. भिंत धरून उभी राहणारी बाई आणि तीन आठवड्यांचंही न झालेलं मूल त्या रस्त्यावर काढायचं होतं. बाजेवर पडल्या पडल्या बायकोने फक्त भांडी मोजायला सुरुवात केली, कोणती बांधायची, कोणती द्यायची. ते ऐकून मावशी म्हणाली, "जवाई, अर्ज द्या. सव्वा महिना झाल्याबिगर पोरगी हालत नाई."

मी अर्ज लिहिला. लिहिण्यात मी पटाईत. पण आमचे साहेब समोर दिसले की माझी जीभ टाळूला चिकटे. साहेब वाईट नव्हते, फक्त मान वर न करता ‘हं?’ म्हणायचे, आणि त्या ‘हं’मध्ये माझे तीन अर्ज खिशातल्या खिशात चुरगळून गेले. रोज संध्याकाळी मावशी विचारी, "देल्ला का?" मी म्हणे, "उद्या." पाचव्या दिवशी तिने चौथा अर्ज माझ्याकडून लिहवून घेतला, माझ्या खिशात घातला, तेलाची बुधली पदराखाली घेतली आणि म्हणाली, "चला. साहेबाचं घर दाखवा."

"मावशी, साहेबांना तुम्ही काय सांगणार?"

"साहेबाले काऊन सांगू? साहेबीन नाई का घरी?"

आम्ही मागच्या दाराने गेलो. साहेबीणबाई परसात धुणं बडवत होत्या. चार महिन्यांचं मूल झोळीत, माहेर दूर नागपूरपलीकडे, गडी आजारी पडलेला. केस विरळ झालेले, डोळ्यांखाली काळं. मावशीने काही ओळख दिली नाही, की माझं नाव काढलं नाही. हातातलं धोपाटणं काढून घेतलं, त्यांना पाटावर बसवलं आणि म्हणाली, "किती दिवस झाले वं पोरी, तुह्या डोक्शाले कोनी हात लावून?"

बाई म्हणाल्या, "माहेरहून आले तेव्हापासून नाही." आणि एकदम रडायलाच लागल्या. मावशीने बुधली उघडली. "रड, रड. तेल चांगलं मुरते."

इतक्यात साहेब चहासाठी कचेरीतून आले. ‘अगं’ एवढाच अर्धा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला असेल. मावशी वळूनसुद्धा न पाहता म्हणाली, "तेल मुरून राह्यलं. अर्धा घंटा बाई उठत नाई."

जंगलातल्या वाघावर सव्वा लाखाच्या रुबाबात रिपोर्ट लिहिणारा तो माणूस परसात तसाच उभा राहिला. बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निमूट स्वयंपाकघरात गेला. थोड्याच वेळात तिथून धूर यायला लागला. मला राहवलं नाही. आत गेलो तर साहेब चुलीपुढे उकिडवे बसून वरून फुंकर मारत होते आणि सगळी राख त्यांच्या मिशांवर बसली होती.

"साहेब," मी म्हणालो, आणि तीन वर्षांत प्रथमच माझा आवाज नीट निघाला, "फुंकर खालून मारायची. आणि हे लाकूड ओलं आहे. थोडा कागद लागेल."

मी खिशात हात घातला, हाताला लागला तो कागद काढला आणि चुलीत सारला. कोपरा पेटला तशी साहेबांनी झडप घालून तो ओढून काढला. "अहो, यावर माझं नाव दिसतंय. काय आहे हे?"

"अर्ज आहे, साहेब."

"मग चुलीत काय घालता?"

साहेबांनी मांडीवर आपटून तो विझवला आणि चुलीच्या उजेडात वाचला. बराच वेळ वाचला, खरं तर अर्ज होता चार ओळींचा. परसातून साहेबीणबाईंचा एक लांब सुस्कारा ऐकू आला. साहेबांनी मान वर केली. "किती दिवस लागतील?"

मी तोंड उघडायच्या आत बाहेरून आवाज आला, "सव्वा महिना! एक दिवस कमी नाई!"

साहेबांनी त्याच संध्याकाळी वर लिहिलं, मुदत मिळाली, आणि नव्या माणसाचं येणंही पुढे ढकललं गेल्याने क्वार्टर आमच्याकडे राहिलं. तो जळक्या कोपऱ्याचा अर्ज पुढे कुठेतरी फाइलीत गेला असेल. त्या दिवशीचा चहा मात्र माझ्या हातचा होता, आणि साहेब म्हणाले, "बरा झालाय." माझ्या नोकरीतला तो एकमेव चांगला शेरा.

सव्वा महिना भरला. बायको भिंत न धरता अंगणात आली, उन्हात केस वाळवत उभी राहिली, आणि गालांना रंग आलेला पाहून मावशीने गाठोडं बांधायला घेतलं. घरी धानाची मळणी खोळंबली होती; तिचे थोरले दीर बंडी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होते. त्या सकाळी बंडी यायच्या आधी बायकोने गेरूचा तोच खडा घेतला, अंगणात पाट मांडला, पाटाभोवती लाल रेघ ओढली आणि म्हणाली, "मावशी, बस."

"मी? मले काय झालं?"

"बस म्हणते ना!"

मावशी बसली. तेल लागताच उठली, म्हणे दूध उतू जाईल. बायकोने बसवली. पुन्हा उठली, म्हणे पोरगी रडून राह्यली. मी पोरीला घेतलं. तिसऱ्यांदा ती उठली नाही, पण हात मात्र नुसते हवेत चाळवत राहिले, कधी पदराकडे, कधी केसांकडे. शेवटी ते मांडीवर ठेवून ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पोरी, आता या हातांचं काय करू वं?"

"काही नको करू. कंबर दाखव." बायकोने कमरेवर तेल लावलं. मग मावशी डोळे मिटूनच बोलली, जणू दुसऱ्या कुणाबद्दल. "माह्या पहिल्या बाळंतपनात अकराव्या दिशी धानाच्या रोवन्याले जा लागलं. पानी गुडघ्याइतकं होतं. तवापासून हे कंबर..." पुढचं वाक्य आलंच नाही. पाहतो तर मावशीला झोप लागली होती. बसल्या जागी, मान थोडी कलती. सव्वा महिन्यात मी तिला झोपलेली पाहिली ती हीच एकदा.

तेवढ्यात दारात बंडी थांबली आणि थोरल्या दिरांनी हाक मारली, "आयकलं का? चाला लवकर!" भरदार मिशांचा उग्र माणूस, त्यांच्यापुढे मावशी कधी बसलेली नव्हती. काखेत पोर घेऊन मी दारात जाऊन उभा राहिलो.

"तेल मुरून राह्यलं," मी म्हणालो. "अर्धा घंटा बाई उठत नाई."

"काऊन जी?"

"उठत नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून आत अंगणात पाहिलं, आणि मुकाट्याने बैल सोडले.

आता मावशी नाही. आमच्याकडे दर शनिवारी बायको तेल लावून बसते आणि चहा मी करतो, फुंकर खालून मारून. ती बंडी त्या सकाळी अर्धा घंटा नव्हे, चांगला तासभर थांबली होती. मावशीसाठी एवढा वेळ कोणी थांबल्याचं, त्याआधीचं किंवा नंतरचं, माझ्या तरी ऐकिवात नाही.