बावीस फुटी त्याची, चौदा फुटी माझी

एकाच ऑफिसात अकरा वर्षं एकाच टेबलावर जेवलं की किस्से लक्षात ठेवावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, आणि कुणी नवीन जॉइन झालं की डबा उघडायच्या आधी बाहेर पडतात. आमच्या पाया लेबारच्या ऑफिसात हल्ली सगळ्यात जास्त मागणी कॅराव्हॅनच्या किश्शांना आहे. मिलिंद ते सांगतो तेव्हा लोक हसतात. मी सांगायला लागलो की माझी बायको शुभदा तिथे असली तर मान खाली घालते. कारण मी सगळं खरं सांगतो!

*

आधी मिलिंद कोण ते सांगतो. तो आणि मी दोघंही पुण्याचे. माझ्यानंतर तीन महिन्यांनी तो ऑफिसात आला. पीआरचा, म्हणजे इथे परदेशात कायम राहायचा, अर्ज आम्ही एकाच आठवड्यात केला. त्याचा पहिल्या फटक्यात मंजूर, माझा दुसऱ्या खेपेला. तो बेडोकला कॉन्डोत राहतो, खाली स्विमिंग पूल. मी बुकित बातोकला सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये, खाली शेजाऱ्यांच्या सायकली. त्याच्याकडे गाडी आहे. माझ्याकडे एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, कार्ड. रिजनल हेडच्या पोस्टसाठी आम्ही दोघांनी इंटरव्ह्यू दिला होता. ती कुणाला मिळाली ते विचारू नका.

आणि माणूस म्हणून हा इतका चांगला, की काय सांगू! मला ताप आला की भाजी घेऊन येतो. वाईट असता तर निवांत जळता तरी आलं असतं.

*

शाळांच्या जूनच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबांनी पर्थला जायचं ठरलं. तिथे मोठी गाडी भाड्याने घ्यायची, तिच्या मागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडायची आणि ती ओढत उत्तरेला निघायचं. कल्पना माझी होती. हे मुद्दाम सांगतो, कारण बाकी कुणी सांगत नाही.

भाड्याने देणाऱ्यांकडे दोन प्रकार होते. एक चौदा फुटी, हलकी. टप वर उचललं की आत ताठ उभं राहता येतं. दुसरी बावीस फुटी, वजन दुपटीहून जास्त; आत शॉवर, ओव्हन, मुलांसाठी वरखाली बंक.

"नऊ वर्षं तू स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस," शुभदा म्हणाली. "मागून जितकं कमी येईल तितकं बरं."

मी हलकी बुक केली. दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरला जेवताना मी मिलिंदला अर्धा तास लेक्चर दिलं. हलकी ओढायला सोपी, चढावर दम लागत नाही, ब्रेक दाबला की ऐकते, वगैरे वगैरे. त्याने सगळं मन लावून ऐकलं. मग नूडल्स संपवत हळूच म्हणाला, "अरे, मी बावीस फुटी घेतली. केतकीला ओव्हन हवा होता."

त्या दुपारी मला एक ईमेल धड लिहिता आली नाही.

पुढे केतकीवहिनींना मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "ओव्हन? मला? घरचा ओव्हन मी पातेली ठेवायला वापरते!"

*

बावीस फूट म्हणजे नक्की किती, हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना. रविवारी सकाळी मी टेप आणि चिकटपट्टी घेऊन खाली व्हॉइड डेकवर गेलो. आमच्या बिल्डिंगखालची ही मोकळी जागा. इथे लग्नं होतात, आणि कुणी गेलं तर मांडवही इथेच पडतो.

मी फरशीवर चौदा फुटांचा चौकोन आखला. त्याच्याभोवती बावीस फुटांचा. मग लहान चौकोनात मांडी घालून बसलो. माझी तेरा वर्षांची मुलगी सई मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"बाबा, धिस इज देअर शॉवर," ती म्हणाली. "सो बिग, लाह!"

मी खिन्न होऊन बघत राहिलो. तेवढ्यात नवव्या मजल्यावरच्या चिनी आंटी बाजारातून परत आल्या. जमिनीवरचे चौकोन, मध्ये मान खाली घालून बसलेला मी, हे बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शुभदाला अगदी दबक्या आवाजात विचारलं, "हू पास अवे?"

शुभदाने माझ्याकडे बघितलं. "नॉट येट, आंटी!"

*

सोमवारी मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून पर्थला फोन लावला आणि आमचीही बावीस फुटी करून टाकली. घरी सांगितलं नाही. वेळ बघून सांगू म्हटलं.

पण कन्फर्मेशनची ईमेल आली ती घरातल्या टॅबवर. सईने जेवताना मोठ्याने वाचली. "बाबा, व्हाय अवर्स ऑल्सो ट्वेंटी-टू फीट?"

शुभदाने हातातली पोळी ताटात ठेवली. आवाज अजिबात चढवला नाही. तो चढवला नाही की मला जास्त भीती वाटते.

"अविनाश," ती म्हणाली, "तुला कॅराव्हॅन ओढायचीय की मिलिंदचे पाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जिन्यात उभं राहून मी परत चौदा फुटी केली.

*

आमच्या ऑफिसची देखभाल बघणारे लिम अंकल. त्याआधी वीस वर्षं त्यांनी बंदरावर कंटेनरचे ट्रेलर ओढले. जड चांगली की हलकी, हा आमचा वाद ते आठवडाभर ऐकत होते. एक दिवस त्यांनी पॅन्ट्रीतली ट्रॉली काढली, पाण्याच्या बाटल्यांचे खोके तिच्या मागच्या टोकाला रचले आणि पुढून धरून कॉरिडॉरमधून धावत ओढली. ट्रॉली शेपटी हलवल्यासारखी डावी-उजवीकडे झोके घेत गेली आणि प्रिंटरवर आपटली!

मग त्यांनी तेच खोके पुढच्या बाजूला सरकवले. परत धावले. ट्रॉली सरळ रेषेत मागे आली.

"हेवी ऑल्सो कॅन, लाइट ऑल्सो कॅन," लिम अंकल धापा टाकत म्हणाले. "बॅकसाइड हेवी, कॅनॉट!"

मी टाळ्या वाजवल्या. मिलिंदने यातलं काही बघितलं नाही. त्याला तेवढ्यात हेड ऑफिसचा फोन आला होता. मला असे फोन कधी येत नाहीत.

*

पर्थला गाड्या ताब्यात घेतल्या. काउंटरवरच्या बाईंनी आम्हा दोघांचीही नावं दोन्ही गाड्यांच्या कागदांवर घातली, अडीअडचणीला असू द्या म्हणाल्या. मिलिंदची कॅराव्हॅन पांढरीशुभ्र, एखाद्या क्लिनिकसारखी. आमची तिच्याशेजारी उभी केली तेव्हा तिचं पिल्लू वाटत होती.

पहिल्या मुक्कामी दोघांना आपापल्या जागेत रिव्हर्स करून लावायचं होतं. मी मनात म्हटलं, आता गंमत. पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. लांब कॅराव्हॅन सावकाश वळते, चूक सुधारायला वेळ देते. आखूड कॅराव्हॅन स्टिअरिंग जरा हललं की फटकन काटकोनात जाते! मिलिंदची दुसऱ्या प्रयत्नात सुतासारखी आत गेली. माझा सातवा प्रयत्न चालू असताना कॅम्पमधले लोक खुर्च्या घेऊन बघायला बसले होते.

शेवटी एक सत्तरीच्या बाई चहाचा मग हातात घेऊन आल्या. त्यांनी मला खुणेने खाली उतरवलं, चहाचा मग माझ्याच हातात दिला आणि एका झटक्यात गाडी लावली. उतरल्यावर त्यांनी मगासाठी हात पुढे केला, आणि किल्ली नेऊन शुभदाच्या हातात ठेवली.

संध्याकाळी सगळे मिलिंदच्या कॅराव्हॅनमध्ये चहाला जमले. शुभदा आणि सई तिथल्या शॉवरखाली आंघोळी करून आल्या. मी कॅम्पच्या सार्वजनिक बाथरूममध्ये गेलो. तत्त्वाचा प्रश्न होता.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद पुढे, मी मागे. दोन्ही बाजूंना लाल माती, सरळसोट रस्ता. समोरून तीन डबे जोडलेला प्रचंड ट्रक आला आणि वाऱ्याचा झोत सोडून गेला. मिलिंदची कॅराव्हॅन एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, मग आणखी डावीकडे.

पहिल्या सेकंदाला मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? दुसऱ्या सेकंदाला केतकीवहिनी आणि त्यांचा मुलगा निनाद त्या गाडीत बसलेत हे डोक्यात आलं. "मिल्या, ब्रेक नको मारू, नुसता पाय काढ," मी माझ्या गाडीत बसून ओरडत होतो. त्याला कुठून ऐकू जाणार! पण त्याने तेच केलं. झोके हळूहळू कमी झाले, आणि तो कडेला थांबला.

मी धावत गेलो. वहिनी निनादला पोटाशी धरून बसल्या होत्या. मिलिंद उतरून मागे आला. कॅराव्हॅनच्या पार मागच्या टोकाला त्याने दोन सायकली आणि पाण्याचे सगळे कॅन भरले होते. आम्ही दोघांनी ते सामान पुढे आणलं. शेवटचा कॅन ठेवून झाल्यावर तो स्टिअरिंगकडे न जाता मागेच घुटमळत राहिला. अकरा वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं.

"अव्या," तो हळूच म्हणाला, "पुढचं तू चालवशील? केतकीला सांग, तुलाच हौस आली म्हणून."

मी वहिनींना जाऊन तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मिलिंदकडे बघितलं. "चालव की," त्या म्हणाल्या. "कधीपासून डोळा आहे तुझा!"

मग मिलिंद माझ्या जागी, शुभदा आणि सईबरोबर. मी वहिनी आणि निनादला घेऊन बावीस फुटीवर. दोन तास मी ती ऐंशीच्या वर जाऊ दिली नाही. शर्ट पाठीला चिकटला होता. तरी आरशात ती पांढरी भिंत दिसली की छाती फुगत होती.

पेट्रोल भरायला एका रोडहाउसपाशी थांबलो. मिलिंद येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. तिथे एक उंच, रुंद टोपीवाला म्हातारा होता. त्याने बावीस फुटीला पूर्ण फेरी मारली, टायर बघितले, खिडकीतून आत डोकावला, आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "ब्यूटिफुल. युअर्स?"

शुभदा समोरच उभी होती. मिलिंद एका हाताच्या अंतरावर.

"येस," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने मान डोलावली. मग मागे उभ्या असलेल्या चौदा फुटीकडे बोट दाखवून विचारलं, "अँड द लिटल वन?"

मी तोंड उघडायच्या आत मिलिंद म्हणाला, "हिज ऑल्सो!"