पाटावरचा पाहुणा

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला तर मी सगळं सांगतो — एसटीत तिकीट चुकवलं तेसुद्धा, एकाच लग्नात दोन पंगतींना जेवलो तेसुद्धा. ही एकच गोष्ट पोटात ठेवली. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका. हसू आलं तर खुशाल हसा. मलाही अर्ध्या वाटेपर्यंत हसूच येतं.

मी बोलका माणूस आहे, हे एव्हाना कळलंच असेल. सत्तरच्या दशकात मी मानोऱ्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होतो आणि रविवारी उपदेश करायचो. आमची ल्यूथरपंथी ख्रिस्ती मंडळी ती केवढी — एका बसमध्ये बसतील एवढी घरं. पण त्या घरांत मला मान होता, कारण मी धर्मशास्त्र शिकून आलेला होतो. म्हणजे — लोक तसं समजत होते. खरं काय होतं? मी एक वर्ष शिकलो, नापास झालो आणि परत आलो. विचारलं तेव्हा म्हणालो, "झालं शिकून." ते खोटं तसं लहान होतं. त्याचं पोर मोठं निघालं, त्याचीच ही गोष्ट.

नापास कशात झालो? ख्रिस्ताच्या स्वभावात! आमच्या पंथाचा मूळ गुरू ल्यूथर, त्याच्या मागून जर्मनीत मोठेमोठे पंडित झाले. ख्रिस्त एकच, पण तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. मग हे दोन स्वभाव एकाच ठिकाणी नांदतात कसे? देवाचं ऐश्वर्य त्याच्या माणूसपणाला मिळतं का? मिळालं असेल, तर पृथ्वीवर फिरताना त्यानं ते बाजूला ठेवलं, की नुसतं झाकलं? या एवढ्याशा प्रश्नावर त्या लोकांनी आपसांत कडाक्याची भांडणं केली. आमचे गुरुजी हे सगळं जीव तोडून शिकवत होते, आणि मी खिडकीतून चिंचा मोजत होतो. झाकून ठेवण्याचं शास्त्र मला पुस्तकाशिवायच येत होतं ना!

तर एका थंडीत दक्षिणेकडून एक डॉक्टर आले — औषधाचे नव्हे, धर्मशास्त्राचे. तमिळ माणूस, ठेंगणे, सदा हसतमुख. तीन दिवस याच विषयावर शिकवणार होते. त्यांना मराठी येत नव्हतं, मंडळीला इंग्रजी येत नव्हतं. आमच्या चर्चच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांना तर कुठलीच भाषा नीट ऐकू येत नव्हती. त्यांनी मोठ्या अभिमानानं माझ्या पाठीवर थाप मारली. दुभाषी मी.

पहिला तास झकास गेला. डॉक्टरसाहेब म्हणाले, लोखंडाची सळई आगीत घाला. लोखंड लोखंडच राहतं, आग आगच राहते. पण लालभडक सळईत आग कुठं संपली आणि लोखंड कुठं सुरू झालं, हे बोट ठेवून दाखवाल का? तसं त्याचं देवपण त्याच्या माणूसपणात भरलेलं आहे. हे मी जसंच्या तसं सांगितलं. मग मात्र साहेबांनी वेग घेतला. याचे तीन प्रकार, त्यातल्या तिसऱ्याचे पोटप्रकार, मध्येच लॅटिन. मला फक्त 'आणि', 'पण' आणि 'म्हणून' एवढंच कळत होतं. बोलता बोलता ते थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. सारी खोलीच पाहू लागली. अशा वेळी दुभाष्यानं काय करावं?

मी सुरू झालो. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. मी म्हणालो, कलेक्टरसाहेब कुठं बसतात? अकोल्याला. हुकूम कुठं येतो? मानोऱ्याला. साहेब स्वतः येतात का? नाही! तसंच येशूचं आहे. त्याचा माणसाचा देह वर, स्वर्गात, देवाच्या उजवीकडे. इथं येते ती त्याची सत्ता आणि त्याचा आत्मा. माना डोलल्या. डोलणाऱ्या माना पाहून डॉक्टरसाहेब फुलले आणि आणखी जोरात निघाले. मग मीही मागं राहिलो नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या स्वर्गात तहसीलदार आला, देवदूत चपराशी झाले, एक तर डाकबंगल्यावर कोंबडी मागू लागला. लोक पोट धरून हसले. चहाच्या वेळी साहेबांनी मला विचारलं, लोक नेमके कुठं हसले? मी म्हणालो, तिसऱ्या प्रकाराला. ते म्हणाले, आमच्या कॉलेजात या प्रकाराला मुलं झोपतात.

पुढं लाज वाटून मी ज्यात नापास झालो होतो ते पुस्तक मिळवलं आणि नीट वाचलं, तेव्हा कळलं — येशूचा देह वर अडकून आहे आणि खाली नुसती सत्ता येते, नेमकं हेच तर ते जर्मन पंडित जन्मभर खोडून काढत होते. म्हणजे मी ती सगळी मंडळी उचलून त्यांच्या विरोधकांच्या ओसरीवर नेऊन बसवली होती. शिकवणारा शेजारी उभा, आणि त्याला पत्ता नाही! इथपर्यंत हसा.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रश्न विचारायचे होते. कोणी विचारत नव्हतं. मग शेवंताकाकू उठली. काकूचं घर शाळेला लागूनच होतं. लग्नाआधी मी तिच्या हातच्या किती भाकरी खाल्ल्या, याची गणती नाही. तिचे यजमान दौलतकाका गेले आणि तिनं एक रीत सुरू केली. दर रविवारी जेवायला बसताना दोन पाट मांडायचे. एक तिचा, एक येशूचा. त्याच्यापुढं भाकरीचा तुकडा, ठेचा, पाण्याचा तांब्या. मग जेवता जेवता त्याच्याशी बोलत बसायची — शेळी, सून, गुडघा, सगळं. तो तुकडा नंतर दारावर येईल त्याला द्यायची. गाव हसायचं. काकूही हसायची. पण त्या दिवशी ती हसत नव्हती.

"साहेबाले इचार बाबू," ती म्हणाली. "थो हातापायासकट, मानूस म्हनून माह्याजवळ येऊन बसते का? का निस्ता आत्मा? आत्म्याले पाट कायले लागते? सून म्हन्ते, म्हातारी येडी झाली. तुमी सांगत अस्सान त मी पाट उचलून ठेवतो."

हे मात्र मी शब्दन् शब्द बरोबर सांगितलं. काय बुद्धी झाली कोण जाणे! डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला. मग इतक्या सोप्या इंग्रजीत बोलले, की पहिल्या तासानंतर पहिल्यांदाच मला सगळं कळलं. ते म्हणाले, तो जिथं असतो तिथं अख्खा असतो. अर्धा नाही. पाटावर तो दिसणार नाही, पाटात मावणार नाही, पण येताना माणूसपण घरी ठेवून येत नाही. ज्या हातांना खिळे ठोकले तेच हात देवाच्या ऐश्वर्यात आहेत, म्हणून त्यांना कुठलंच घर लांब नाही. बाईंना सांगा, पाट उचलू नका.

एवढंच सांगायचं होतं. पाट उचलू नका. तीन शब्द.

पण मग माझ्या अकोल्याच्या कलेक्टरचं काय? साहेब स्वतः येत नाहीत, असं मी तीन दिवस हसवून हसवून लोकांच्या गळी उतरवलेलं. पहिल्याच बाकावरून कोणीतरी म्हणालं असतं, का हो मास्तर, काल तर तुम्ही येत नाही म्हणत होता? मग कॉलेज निघालं असतं, नापास निघालं असतं. मी काकूकडं पाहिलं. तिचे डोळे माझ्या तोंडाकडं लागलेले. मी घसा खाकरला.

म्हणालो, "काकू, साहेब म्हणतात, त्याचा देह वर आहे. इथं त्याची दया येते. दयेला पाट लागत नाही."

वाक्य छान जमलं होतं. हेही सांगून टाकतो — त्या क्षणी मला ते आवडलं. दोघातिघांनी 'वा' केलं.

काकू हसली. "बरं झालं बाप्पा, सांगतलं. येडीवानीच करून राह्यली होती मी." डॉक्टरसाहेबांना वाटलं, त्यांचं बोलणं तिला पोचलं. त्यांनी तिला हात जोडले, डोळे पुसले, आणि दुसऱ्या सकाळी कारंज्याच्या गाडीत खिडकीपाशी बसून खूप वेळ हात हलवत गेले. इतका समाधानी माणूस मी क्वचितच पाहिला.

त्यानंतर काकू पुष्कळ वर्षं जगली. तिचं घर शाळेला लागून — मी मघाशी म्हणालोच. रोज दिसायची, रोज थट्टा करायची. डॉक्टरसाहेब गेले, विषय मागं पडला, कोणाला काही आठवतही नव्हतं. तेव्हा सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. मी सांगितलं नाही.

एका रविवारी बायको माहेरी गेली होती. काकूनं भिंतीपलीकडून हाक मारली, "जेवाले ये रे." गेलो. तिनं आतून तो दुसरा पाट आणला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढं मांडला. "बस. थो आता रिकामाच पडून राह्यते."

मी बसलो. ती वाढत होती आणि सारं माझ्याशीच बोलत होती — शेळी, सून, गुडघा. पिठलं फार सुरेख झालं होतं. मी दोनदा मागून घेतलं.