भरतीच्या पाण्यावरचा ड्रोन

माझ्या नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या आहेत, पण पेडण्याच्या हद्दीतली ती एक घटना मनातून जात नाही. त्यात चोरी नव्हती, दरोडा नव्हता, आणि शेवटी गुन्हाही नव्हता. तरीही एक माणूस दोन दिवस माझ्यासमोर संशयित म्हणून बसला होता.

तुळशीची लग्नं होऊन गेली होती. एका दुपारी ठाण्यात फोन आला. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून ड्रोन उडताना दिसला की लोक आम्हाला कळवत असत. ठाणे अंमलदाराला वाटलं, त्यातलाच एखादा फोन असेल. पण पलीकडचा माणूस घाबरलेला होता. तेरेखोल नदीच्या काठावर त्याची काजूची बाग. तिथून त्याने पाहिलं होतं की होडीतले दोघे पाण्यात आहेत, त्यांची झटापट चालली आहे, आणि मग एकटा होडीवालाच वर चढून पलीकडच्या काठाच्या दिशेने निघून गेला.

"बुडत्या माणसाला टाकून गेला, साहेब. त्याने मारलाच त्याला. आठवड्यापूर्वी धक्क्यावर त्याने धमकी दिली होती, सगळ्यांनी ऐकलीय."

आम्ही पोचलो तेव्हा होडीवाला परत आला होता आणि वल्ह्याने पाणी ढवळत शोधत होता. गावातल्या इतर होड्या, अग्निशमन दलाचे जवान, सगळे उतरले. संध्याकाळच्या आत वरच्या अंगाला खारफुटीत मृतदेह सापडला. डिचोलीजवळच्या सर्वणचा, लग्नाची चित्रफीत करून देणारा छायाचित्रकार. वय चाळिशीच्या आत. पंचनामा करताना गळ्यावर ओरखडे दिसले, शर्टाची कॉलर फाटलेली. होडीत ड्रोनची उघडी पेटी, रिमोट आणि एक लाइफ जॅकेट. ड्रोन कुठेच नव्हता.

आकस्मिक मृत्यूची नोंद केली आणि होडीवाल्याला चौकशीसाठी बोलावलं. मूळचा पलीकडचा, सिंधुदुर्गातला. आधी सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर होडी घेऊन नदीवर आला. पन्नाशीचा, अंगाने आडवा, बोलायला कमी.

धमकी खरी होती. धक्क्यावरच्या तिघांचे जबाब जुळत होते. तो छायाचित्रकारावर ओरडला होता, "परत होडयेत घेऊन इलंस, तर पाण्यात टाकतलंय!"

मी विचारलं, "त्याला सोडून का गेलास?"

तो खाली मान घालून म्हणाला, "होय, गेलंय. सोडून गेलंय."

"का?"

त्या दिवशी तोच प्रश्न मी वेगवेगळ्या आवाजात विचारला, समजुतीने आणि दरडावूनही. सरावलेला गुन्हेगार गोष्ट रचतो, नवखा माणूस शपथा घेतो. हा दोन्ही करत नव्हता. समोर ठेवलेला चहा-पाव तसाच राहिला. माझा सहकारी बाहेर येऊन म्हणाला, "सर, कबूलच करतोय की. अजून काय पाहिजे?" मला मात्र ती कबुली वाटेना. कबूल करणाऱ्याचं अंग कुठेतरी सैल पडतं. हा माणूस आवळून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृताची पत्नी तिच्या दिराबरोबर आली. शवविच्छेदनाचा प्राथमिक अभिप्राय आला होता, मृत्यू बुडून. ओरखड्यांबद्दल डॉक्टर ठाम काही सांगत नव्हते. ती बाई रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "त्याचं नि ह्यांचं काय वैर होतं?"

आमच्यासाठी घटनास्थळाचे फोटो काढणारा एक तरुण कर्मचारी स्वतः ड्रोन उडवायचा. त्याला मी रिमोट दाखवला. बाकीच्यांच्या डोक्यात झटापट होती. त्याने मात्र ड्रोनबद्दल विचारलं.

"उडवला कुठून, सर?"

"होडीतून. ड्रोनची पेटी होडीतच उघडी पडली होती."

"मग तो गेलाच. ड्रोन जिथून उडतो ती जागा लक्षात ठेवतो, सर. होडी लक्षात ठेवत नाही. बॅटरी संपत आली की तो आपोआप त्या जागी परत येतो आणि खाली उतरायला लागतो. तोवर होडी प्रवाहाबरोबर पुढे गेलेली असते. खाली नुसतं पाणी. त्यात चमकत्या पाण्यावर त्याच्या पोटाखालचे सेन्सरही फसतात. म्हणून पाण्यावर उडवायचा तर काठावरून उडवावा, बॅटरी भरपूर असताना परत बोलवावा, आणि पडला तर पडू द्यावा. मागे जाऊ नये."

मला ते दृश्य दिसू लागलं. भरतीची वेळ, होडी वर सरकलेली, ड्रोन मागे पाण्यावर उतरतोय, आणि त्याचा मालक तो हातात झेलायला होडीत उभा राहून वाकलेला. लाइफ जॅकेट बाजूला काढून ठेवलेलं. झटापटीची गरजच नव्हती. पण होडीवाला निघून का गेला, हे तरीही सुटत नव्हतं.

मग एक साधी गोष्ट डोक्यात आली. लग्नाची चित्रफीत करणारा माणूस रिकाम्या नदीवर कॅमेरा कशाला फिरवेल? तो कोणाचं तरी चित्रण करत होता.

मी परत आत गेलो. खुर्ची त्याच्या शेजारी ओढली आणि विचारलं, "त्याला सोडून कुठे गेलास?"

पहिल्यांदाच त्याने वर पाहिलं.

"वाळयेर," तो म्हणाला.

नदीच्या मध्ये ओहोटीला वाळूची पट्टी उघडी पडते, भरतीला ती बुडते. "कोण होतं तिथे?"

"दोगां होती, सायबा. भरती चढत होती. पाणी ढोपराक लागलेला." त्याचा आवाज फुटला. "एकदा तेची कॉलर हातात गावली. फाटली. परत बुडी मारलंय, तो गावलो नाय. थंय ती दोगां आराडत होती. काय करू मी?"

"आणि धमकी?"

"तेका पोवाक येय नाय. आधी एकदा तो असोच उभो ऱ्हवलो नि पडता पडता वाचलो. म्हणान म्हटलंय, ता यंत्र परत हाडलंस तर पाण्यात टाकतलंय." मग वाळूवरच्या दोघांतल्या मुलीसाठी त्याने हात जोडले. "चेडवाचा लगीन आसा. तिचा नाव घालू नकात. लोक तिकाच बोलतले."

मृताच्या फोनच्या नोंदींतल्या शेवटच्या कॉलवरून डिचोली तालुक्यातलं त्या मुलीचं घर सापडलं. मी साध्या कपड्यांत, महिला हवालदाराला घेऊन गेलो. दारात मांडव घातलेला होता. मुलीच्या आईने सगळं ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, लग्न तोंडावर आलंय. ह्यात तिचं नाव आलं तर लोक तिच्या पायगुणावर बोट ठेवतील. माणूस तर गेलाच ना?"

मुलगी कोपऱ्यात उभी होती. दोन दिवसांत तिचा चेहरा ओढलेला. ती म्हणाली, "होडीवाल्या काकांनी आम्हाला पलीकडच्या काठावर सोडलं आणि म्हणाले, घरी जावा, काय ते मी सांगतो. त्यांना ठाण्यात बसवलंय हे आम्हाला ठाऊक नव्हतं." मग आईकडे वळून, "मी नाव देणार. आणखी एकदा चित्रण करू या, असं मीच म्हटलं होतं. ते म्हणत होते बॅटरी कमी आहे, पुरेल कशीबशी."

तिच्या वडिलांनी खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला आणि म्हणाले, "चल, मी येतो."

तिचा जबाब झाला. वाळूवर तिच्याबरोबर असलेला तिचा नवरा मुलगाही संध्याकाळी सिंधुदुर्गातून आला, एकटाच. त्याच्या आईचा विरोध होता, असं नंतर कळलं. दोघांचं सांगणं अक्षरशः जुळलं. काजूच्या बागेवाल्यानेही कबूल केलं की त्याच्या जागेवरून ती पट्टी दिसत नाही. त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. जेवढं दिसलं तेवढ्याला त्याने अर्थ लावला होता, आणि आदल्या दिवशी मीही तेच केलं होतं.

लग्न पुढे ढकललं गेलं. काही महिन्यांनी मात्र झालं, हे ऐकून मला बरं वाटलं.

छायाचित्रकाराच्या पत्नीला मी स्वतः सगळं सांगितलं. होडीवाला बाहेर बाकावर बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो उठला. नजर वर करेना.

"वयनी, माका गावलो नाय," एवढंच तो म्हणाला.

तिने विचारलं, "ती दोघं सुखरूप आहेत ना?"

"होय."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि दिराबरोबर निघून गेली. तो मात्र बाकावर बसून मोठ्याने रडला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

निवृत्तीनंतर मी मांद्र्याच्या किनाऱ्यावर फिरायला जातो. पाण्यावर ड्रोन फिरवणारी तरुण मंडळी दिसली की थांबून सांगतो, काठावरून उडवा, जॅकेट घाला, पडला तर जाऊ द्या. काही ऐकतात, काही हसतात.

पण त्या प्रकरणाने मला शिकवलं ते चौकशीबद्दल. "सोडून का गेलास" या प्रश्नात मी माझा निष्कर्ष आधीच घालून ठेवला होता. निर्दोष माणूस आरोप नाकारेल, असं आम्ही पोलीस गृहीत धरतो. त्या माणसाने तो नाकारला नाही. मी त्याला लबाड समजलो, घुम्या समजलो. खरं म्हणजे माझा आरोप त्याने माझ्याही आधी स्वतःवर केलेला होता, आणि मला तो पटला आहे हे पाहून त्याच्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.