चित्रातला बैल

पुण्याहून सोलापूरला निघालो तो एका चित्रासाठी. रस्त्यावरच्या मोकाट जनावरांविरुद्ध आमच्या मंडळाचं पत्रक निघायचं होतं. तिथल्या एका हॉटेलात जुन्या शहराच्या गोंधळाची टर उडवणारं छापील चित्र टांगलंय, असं कळलं होतं. त्याचा फोटो काढायचा, छपाईसाठी ब्लॉक करायचा, पत्रकाच्या माथ्यावर छापायचा.

स्टेशनबाहेर पडलो आणि एका गाईनं माझी केळी पिशवीसकट ओढली. पत्रकाची गरज जागीच पटली.

हॉटेल गिरणीच्या वाटेवर. मालक इरण्णांनी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही पुढं ठेवलं आणि भिंतीवरच्या चित्राची काच पंच्यानं पुसली. गिरणीचा भोंगा झालाय, कामगारांचा लोंढा सुटलाय, टांगा उलटलाय, पोलीस डुलक्या घेतोय. मधोमध उधळलेला बैल, आणि त्याच्यापुढं टोपलं उडून उताणी पडलेली बाई. मी खदखदून हसलो.

"ती चित्रातली बाई बघा, तीच ही," इरण्णा म्हणाले. दाराशी मांडीवर सूप घेऊन एक म्हातारी विड्या वळत होती. शेजारी कुबडी. "आमची नरसव्वा. बैलवाली."

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"बैल नव्हता," ती मान वर न करता म्हणाली. "मोटार व्हती. गिरणीच्या सायबाची."

"मावशी, समदं गाव बैल म्हणतंय की," इरण्णा म्हणाले.

"गाव कुटं व्हतं खाली? मी व्हते."

मग चित्रात बैल कसा, मी विचारलं.

"आदी मोटारच काडली व्हती. पर चित्र छापलं त्याच छापखान्यात गिरणीची लेबलं छापायची. मग बैल झाला."

इरण्णांनी ते नाकारलं नाही. "लई जुनी गोष्ट हाय," म्हणाले, "गिऱ्हाईक हसतंय, ऱ्हाऊ द्या."

म्हणजे पाय मोडणारा सुटला, मुक्या जनावरावर आळ आला, आणि त्या चित्राखाली बसून शहर इतकी वर्षं चहा पितंय. आणि मी तेच हजारोंच्या हातात द्यायला आलो होतो.

"पत्रकात छापनार व्हय?" नरसव्वानं विचारलं. "छापा. पर बैल काडा त्यातला."

फोटो घेतला. तिला शब्द दिला.

पुण्यात मंडळींनी फोटो हातोहात फिरवला. हसून हसून डोळ्यांत पाणी. मी सगळं सांगितलं. मग एकजण म्हणाला, "अरे, बैलच काढला तर चित्रात राहिलं काय?"

"बाई," मी म्हणालो.

त्यावरही दोघं हसले.

पत्रक निघतंय, बैलासकट. खालचं माझं नाव मी काढायला लावलंय. म्हणून हा प्रवास इथं लिहिला. सोलापुरात नरसव्वाला मोटारीनं पाडलं.