भेटण्यापूर्वी कृपया वेळ घ्यावी

नोकरी सोडून बिबवेवाडीत एका खोलीत आर्किटेक्ट म्हणून स्वतःचं ऑफिस थाटलं, तेव्हा बायकोशी माझा करार झाला होता. दिवाळीपर्यंत एका तरी घराचं काम मिळवायचं, नाहीतर जुन्या साहेबांना फोन करून परत जायचं. निघताना त्या साहेबांना मी जे ऐकवलं होतं, ते आठवलं की आजही कान गरम होतात. त्यामुळे काम मिळणं भागच होतं.

ते मिळेपर्यंत दुसरं काही सुचेना, म्हणून मी भेटी ठरवायचं सॉफ्टवेअर घेतलं. आपण लिंक पाठवायची, समोरच्याने मोकळा स्लॉट निवडायचा, मग दोघांनाही मेसेज. आठवड्यात मी फक्त बारा स्लॉट मोकळे दाखवले. उरलेल्या वेळात मी 'व्यग्र' असे, म्हणजे टेबल पुसत असे किंवा खालच्या झेरॉक्सवाल्याशी राजकारणावर बोलत असे. मोकळा माणूस कोण विचारतो, असा माझा सिद्धांत होता. मला विचारायला अजून कोणी आलंच नव्हतं, ही गोष्ट सिद्धांतात बसत नव्हती.

नवरात्र संपता संपता धायरीहून एका वयस्कर शेतकऱ्याचा फोन आला. जुनं घर पाडून तीन मजली बांधायचं होतं.

"कवा येऊ सायेब? का तुमीच येताय? आमी घरीच हाय."

शहाणा माणूस त्याच क्षणी स्कूटरला किक मारून निघाला असता. मी खर्जात म्हणालो, "काका, लिंक पाठवतो. त्यावरून आपण वेळ घ्या."

रविवारी संध्याकाळी फोन टिंगटिंग वाजू लागला. काकांनी माझा अख्खा आठवडा घेतला होता, बाराच्या बारा स्लॉट! बायकोला दाखवलं, तर ती म्हणाली, "अगं बाई, राहायलाच येतायत की काय?" बटण चुकून पुन्हा पुन्हा दाबलं गेलं असणार, असं मी ठरवून टाकलं. बुधवारी अकराचा स्लॉट ठेवला आणि बाकीचे अकरा रद्द केले. इतर ग्राहकांची गैरसोय नको, असंही मनाशी म्हणालो. फोन करून विचारायला हवं होतं, पण सॉफ्टवेअर असताना फोन करणं मला कमीपणाचं वाटलं.

बुधवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. साडेअकरा वाजून गेले तरी कोणी येईना, तेव्हा निमूट फोन केला.

"आवो, मोठ्या माणसाला आपणहून वेळ कशी सांगायची?" काका म्हणाले. "म्हणून सुनंला म्हटलं, समद्याच घे, त्यांच्या सोयीची एक ते ठेवतील. तर तुमी रद्द, रद्द, रद्द. अकरा मेसेज आलं, ठेवल्याचा एकबी न्हाई. एकदा न्हाई म्हणला असता, तरी कळलं असतं की सायेब."

मला भयंकर लाज वाटली. "आत्ता येतो," एवढंच म्हणालो आणि सिंहगड रोडच्या गर्दीतून पोहोचेपर्यंत सगळ्या वाहनांना शिव्या घातल्या, कारण स्वतःला घालायला धीर होत नव्हता.

काकांच्या अंगणात एक तरुण इंजिनिअर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून टेपने मापं घेत होता. म्हणे, मंगळवारी इथून जाताना सहज आत डोकावला होता. काम त्याला देऊन झालं होतं.

काकांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी खुर्ची पुढे केली, आत चहा सांगितला आणि खरोखरच्या काळजीने विचारलं, "बसाया टाईम हाय ना सायेब?"

"आहे," मी म्हणालो. "दिवाळीपर्यंत आहे."